तारेपलीकडचं हरीण

ड्वेन सोलबर्गचा फोन आला तेव्हा मी कॉफी ओतत होते. त्याच्या आणि माझ्या जमिनीत फक्त एक काटेरी तार आहे, पण या माणसाचा आवाज मी कित्येक वर्षांत फोनवर ऐकला नव्हता.

"मिसेस बाकेन, ड्वेन सोलबर्ग बोलतोय."

शाळेत हा माझ्या मागच्या बाकावर बसून माझ्या वेणीत कुसळं खोचायचा. आता मिसेस बाकेन!

"कोण?" मी विचारलं. ऐकू स्वच्छ आलं होतं, पण म्हटलं पुन्हा सांगू दे.

"ड्वेन. पलीकडचा." मग म्हणाला, "एक हरीण आहे. काल संध्याकाळी बाण मारला. तुमच्या हद्दीत गेलंय."

"मेलंय का?"

"तेच कळत नाही ना."

"बाण मिळाला?"

"मिळाला."

"वास घेतलास?"

"घाण येतोय. पोटात लागलाय."

पोटात बाण लागलेलं हरीण लगेच मरत नाही. थोडं चालतं, आडोसा बघून बसतं. रात्रभर त्याला तसंच बसू दिलं तर सकाळी तिथेच मिळतं. मागे गेलात तर उठतं, आणि एकदा उठलं की कुठल्या कुठे जातं. आमच्या विस्कॉन्सिनच्या या दऱ्याखोऱ्यांत धनुष्य हातात धरणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत असतं, आणि तरी प्रत्येक जण मागे जातोच. कळतं पण वळत नाही.

"आणि तू लगेच मागे गेलास," मी म्हटलं.

"गेलो."

"उठवलंस त्याला."

"उठवलं. लाव्हॉन, मला शिव्या नंतर घाल. ऊन चढलं की मांस जाईल. गर्टीला घेऊन येतेस का?"

मिसेस बाकेनची लाव्हॉन व्हायला एवढाच वेळ लागला. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात. निदान लाज तरी असावी.

गर्टी आमची कुत्री. आखूड पायांची, राठ केसांची, आता म्हातारी. जखमी हरणाचा माग काढायला नॉर्वलने, माझ्या नवऱ्याने, तिला पिल्लू असल्यापासून शिकवलं. रक्ताचा थेंब दिसेनासा झाला की पंचक्रोशीतले शिकारी नॉर्वलला फोन करायचे, आणि हा हातातला घास टाकून निघायचा. मोबदला म्हणून हरणाचं हृदय तेवढं घ्यायचा, कांद्यावर परतून खायला. हरणापाशी पोचला की टोपी काढून "सापडलं!" असं ओरडायचा, आणि मग गर्टीला चीजचा तुकडा मिळायचा. तो शब्द कानावर पडल्याशिवाय ती चीजला तोंड लावत नसे. तसंच शिकवलं होतं त्याने.

फेब्रुवारीत नॉर्वल आजारपणात गेला. या हंगामात लोक मला फोन करतात, मी गर्टीला घेऊन जाते, हरणंही मिळतात. पण तो शब्द माझ्या तोंडून काही निघत नाही. मी मुकाट्याने चीज पुढे करते. ती चीजकडे बघतसुद्धा नाही, माझ्या तोंडाकडे बघत राहते. शेवटी घरी आणून तिच्या ताटलीत टाकते, तेव्हा खाते.

आणि ज्याने सगळ्यांची हरणं शोधून दिली, त्याचं स्वतःचं शेवटचं हरीण सापडलं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

गेल्या वर्षी ऑक्टोबरात, सकाळी, ओढ्याकाठच्या मचाणावरून नॉर्वलने एका मोठ्या नरावर बाण सोडला. बाण मोडला. मागचा अर्धा, पिसांचा, पानांत पडलेला मिळाला. नॉर्वल नियमाप्रमाणे थांबला, मग माग काढत तारेपर्यंत गेला. तारेवर केस होते, रक्त होतं. तार ओलांडली की ड्वेनची दलदल, माणूस बुडेल एवढ्या उंच लव्हाळ्याची. नॉर्वल मागे फिरला, गाडी काढून रस्त्याने ड्वेनच्या दारात गेला आणि रीतसर परवानगी मागितली. ड्वेन म्हणाला, "नाही."

आमच्याकडे कायदाच तसा आहे. हरीण तुमचं असलं तरी जमीन मालकाची, आणि मालक नाही म्हणाला की शिकारीचे नियम बघणारा सरकारी वॉर्डनसुद्धा काही करू शकत नाही. मी म्हटलं, अंधार पडल्यावर मी जाते, कोण बघतंय? नॉर्वल म्हणाला, "माग काढणाऱ्याने एकदा चोरून पाय टाकला की दुसऱ्यांदा कुणी फाटक उघडत नाही, लाव्हॉन." माग तर दुपारच्या पावसाने आधीच धुऊन गेला होता.

ड्वेनचा राग जुना होता. धनुष्याच्या हंगामात, म्हणजे बंदुकीला बंदी असते तेव्हा, त्याने एकदा नॉर्वलला हरीण शोधायला बोलावलं होतं. हरीण सापडलं, त्यात बाणाची जखम होती आणि बंदुकीच्या गोळीचीही होती. नॉर्वल आपणहून कुणाला बोलला नाही. पण वॉर्डनने विचारलं तेव्हा खोटंही बोलला नाही. ड्वेनचा परवाना गेला. तो पुढे परत मिळाला, पण बोलणं बंद झालं ते झालंच.

कॅफेत लोकांना विषयच मिळाला. बाण मोडला म्हणजे खांद्याच्या हाडावर आपटला असणार, म्हणाले. वरवर लागला असेल. "नॉर्वल, ते हरीण आता दुसऱ्याच्या मचाणाखाली चरतंय, तुला सलाम सांगितलाय त्याने!" कुणी म्हणालं, "पुढच्या वेळी आधी चष्मा लाव, मग बाण." नॉर्वल तिथे हसायचा. घरी आल्यावर मात्र म्हणायचा, "रक्त गुलाबी होतं गं. फेस होता त्यात. फुफ्फुसातलंच होतं." मी ते रक्त पाहिलं नव्हतं. मी गावातून येईपर्यंत पाऊस पडून गेला होता.

बाण लागला ते हरीण आपलं, सापडो न सापडो, असा त्याचा नियम होता. त्याने आपल्या हाताने एका हरणापुरता मिळणारा त्या वर्षीचा टॅग फाडला आणि धनुष्य खुंटीला टांगलं. मग रोज संध्याकाळी तारेपाशी जाऊन, खांबावर कोपर टेकून, तो पलीकडे बघत उभा राहायचा. जानेवारीत बर्फात सुद्धा. शेवटी शेवटी म्हणायला लागला, "गुलाबी नसेलही कदाचित. डोळ्यांचं काय सांगावं." हे ऐकवायचं नाही मला. आयुष्यभर ज्याच्या डोळ्यांवर सगळ्यांनी विश्वास ठेवला, तो स्वतःच त्यांच्यावरचा विश्वास सोडून गेला. त्यानंतर मला एकच गोष्ट हवी होती. ते हरीण सापडावं आणि नॉर्वलचा बाण कुठे लागला होता ते कळावं. मी दोनदा तारेपर्यंत गेले आणि त्याचा नियम आठवून परत आले.

म्हणून फोनवर मी ड्वेनला म्हटलं, "येते. पण एक अट आहे. तुझं हरीण शोधून दिलं की मी तुझ्या लव्हाळ्यात शिरणार, नॉर्वलचं शोधायला. हाडं असतील तर हाडं. दिवस मोडला तरी चालेल."



"बरं," तो म्हणाला.

ड्वेन तारेजवळ उभा होता. नारिंगी टोपी, दाढी वाढलेली, डोळे रात्र जागून काढल्यासारखे लाल. त्याची बायको केव्हाच मुलीकडे मिनेसोटाला राहायला गेली, परत आली नाही. आता तो आणि त्याच्या गाई. त्याच्या कोटाचं एक बटण वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने लावलेलं होतं, ओबडधोबड, पुरुषी हाताने. ते माझ्या उगाच लक्षात राहिलं.

"कशी आहेस?" तो म्हणाला.

"हरीण दाखव."

त्याने रक्ताचा शेवटचा थेंब दाखवला, ओकच्या पानावर, वाळून काळा पडलेला. मी गर्टीला लांब पट्टा लावला आणि तिचं नाक तिथे टेकवलं. तिने वास घेतला, शेपटी एकदा हलवली आणि निघाली.

म्हातारी झाल्यापासून ती हळू चालते, पण तिचं नाक अजून शाबूत आहे. मला काहीच दिसत नव्हतं, नुसती ओली पानं. मी नॉर्वलसारखेच टॉयलेट पेपरचे तुकडे फांदीला अडकवत चालले होते, माग हुकलाच तर परत फिरायला खूण हवी म्हणून. मागे ड्वेन धापा टाकत होता.

"इतक्या पुढे नसेल गेलं गं," तो म्हणाला.

"तू मागे लागला नसतास तर नसतंच गेलं."

"मला वाटलं अंधार पडायच्या आत..."

"सगळ्यांनाच तसं वाटतं. आता चालताना बोलू नकोस, गर्टीचं लक्ष उडतं."

ओढ्यापाशी गर्टी अडली. काठाने वर गेली, खाली आली, माझ्याकडे बघितलं. नॉर्वल असता तर काही न बोलता थांबला असता, म्हणून मीही थांबले. पाणी पायांवरून जात होतं आणि बुटांत शिरत होतं. मग तिने ओढा ओलांडला, पलीकडच्या काठावर एका ठिकाणी नाक खुपसलं आणि एकदम ओढ घेतली. देवदारांच्या दाट झाडीत शिरलो. तिथे ती होती. मादी, कुशीवर पडलेली, डोळे उघडे. कोल्हे अजून पोचले नव्हते. मी पोटाखाली हात घातला, ऊब होती.

"पहाटेपर्यंत जिवंत होती," मी म्हटलं.

ड्वेनने टोपी काढली. "माझ्यामुळे," एवढंच म्हणाला.

गर्टी हरणाजवळ बसली आणि माझ्या तोंडाकडे बघायला लागली. मी चीज पुढे केलं. ती हलली नाही. ड्वेन बघत होता. तो शब्द त्यालाही माहीत होता. एकेकाळी त्याचीही हरणं नॉर्वलने शोधून दिली होती. पण तो काही बोलला नाही, आणि ते बरंच केलं. मी चीज परत खिशात टाकलं.

त्याने हरीण साफ केलं. पोट फुटलेलं असूनही मांस बरं होतं. हृदय काढून ओढ्यावर धुतलं, पिशवीत घालून माझ्या हातात दिलं.

"नॉर्वलचा वाटा," तो म्हणाला.

"माझा," मी म्हटलं. "आता चल. तुझी बाजू."

तो उठला नाही. चाकू पानांना पुसत बसला, आधीच पुसलेला.

"लाव्हॉन, गर्टीला दमवू नकोस. शोधायची गरज नाही."

"शब्द दिलायस तू."

"फिरवत नाहीये. शोधायची गरज नाही म्हणतोय." त्याने वर बघितलं. "मला माहीत आहे कुठे आहे ते."

तो उठला आणि चालू लागला, मी मागून. तारेपाशी आल्यावर त्याने खालची तार बुटाने दाबली, वरची हाताने उचलली आणि मला वाट करून दिली. मी वाकून पलीकडे गेले. इतकी वर्षं शेजारी राहून त्या जमिनीवर पहिल्यांदा पाय ठेवत होते.

लव्हाळ्यात तो डावी-उजवीकडे न बघता सरळ चालत होता, घरातल्या घरात चालावं तसा. थोडंच गेलो असू. तिथे एक लोखंडी खांब जमिनीत ठोकलेला होता, आणि त्याच्या पायाशी ते होतं.

पाय कोल्ह्यांनी ओढून नेले होते. शिंगं उंदरांनी कुरतडलेली, पण मोठी. बरगड्यांचा पिंजरा जागच्या जागी होता, त्यातून गवत उगवलं होतं. मी गुडघ्यावर बसून गवत बाजूला केलं. नॉर्वलच्या बाणाचा पुढचा अर्धा पलीकडच्या बरगडीत आतून रुतलेला होता. बाण छातीच्या मधोमध शिरून, दोन्ही फुफ्फुसं पार करून तिथे अडकला होता आणि हरणाच्या पळण्यात मोडला होता. खांद्याचं हाड अख्खं होतं. त्यावर ओरखडासुद्धा नव्हता.

गुलाबीच होतं रक्त. फेसच होता त्यात.

"कधी सापडलं तुला?" मी विचारलं.

"एप्रिलमध्ये. बर्फाने लव्हाळं आडवं झालं होतं. वासरू शोधत आलो होतो."

"एप्रिल."

"हात लावला नाही. माझं नव्हतं ते. खूण म्हणून खांब ठोकला." तो दुसरीकडे बघत बोलत होता. "तुझ्या फाटकापर्यंत आलो होतो मी. फाटकावरूनच परत गेलो. काय सांगणार होतो? हे बघ, इथेच होतं म्हणून?"

मी उभी राहिले आणि मागे वळून बघितलं. लव्हाळ्याच्या शेंड्यांवरून तार दिसत होती. खांब दिसत होता, ज्यावर नॉर्वल कोपर टेकवायचा तो. एखाद्या पोरानेही तिथून दगड भिरकावला असता तर हरणाला लागला असता.

"तो रोज तिथे उभा असायचा," मी म्हटलं.

"माहीत आहे. गोठ्याच्या खिडकीतून दिसायचा. दूध काढायच्या वेळेला."

"आणि तू दूध काढत होतास."

"एकदा निघालो होतो, लाव्हॉन. म्हणणार होतो, जा बाबा, घे शोधून. बूट घातले होते. मग म्हटलं, उद्या." त्याने तोंडावरून हात फिरवला. "तो बरा नव्हता ते मला माहीत नव्हतं."

मला त्याचा संताप आला. इतका, की हातातली पिशवी त्याच्या तोंडावर मारावीशी वाटली. एक 'हो' हवा होता, तासाभराचं काम होतं. नॉर्वल ते हरीण ओढत घरी घेऊन आला असता, कॅफेत सगळ्यांना टोमणे मारले असते, आणि स्वतःच्या डोळ्यांवर शंका न घेता मेला असता. मी ड्वेनला एक शिवी दिली, नॉर्वलसमोर कधी तोंडातून काढली नसती अशी. त्याने मान खाली घालून ती घेतली. मग मला रडू आलं, आणि ते त्याच्यासमोर आलं याचाही राग आला.

"शिंगं घेऊन जा," तो म्हणाला. "मी घरापर्यंत आणून देतो."

"नको. शिंगं तू टांग. गोठ्यात, खिडकीच्या वर. दूध काढताना समोर दिसतील अशी."

"टांगतो," तो म्हणाला.

"आणि शुक्रवारी कॅफेत सगळे मासे खायला जमतात तिथे जायचं, आणि बाण कुठे लागला होता ते सांगायचं. मोठ्याने. मागच्या टेबलापर्यंत ऐकू गेलं पाहिजे."

"ते माझ्याशी बोलत नाहीत, लाव्हॉन."

"मग ऐकतील तरी."

बरगडीतून बाण निघता निघेना. शेवटी ड्वेनने ती बरगडी दोन्ही हातांनी धरली आणि मी बाण ओढला.

घरी आले तेव्हा घर सकाळी सोडलं होतं तसंच होतं. कपात अर्धी कॉफी, तिच्यावर साय. ओले बूट काढले. खिडकीच्या कट्ट्यावर वर्षभर बाणाचा मागचा अर्धा पडून होता. देवदाराची काठी नॉर्वलने तासलेली, टर्कीची पिसं मी चिकटवलेली. प्रत्येक हिवाळ्यात याच टेबलावर आम्ही बाण करायचो, आणि माझी पिसं वाकडी बसतात म्हणून तो माझी थट्टा करायचा. मी दोन्ही अर्धे टेबलावर एकमेकांना लावून ठेवले. मोडलेल्या कडा बरोबर जुळल्या. पिसं खरंच थोडी वाकडी होती.

मग कढई ठेवली, कांदा चिरला, हृदयाचे काप करून त्यावर टाकले. वास घरभर पसरला. ताट काढताना हाताने सवयीने दोन काढली, मी एक परत ठेवलं.

शुक्रवारपर्यंत सगळ्यांना कळेल. ड्वेन सांगेल, किंवा त्याने नाही सांगितलं तर मी सांगेन. लोक म्हणतील, बघा, म्हातारा बरोबर होता, आणि दुसरा विषय काढतील. हे कळण्यासाठी मी वर्षभर झुरत होते, आणि हे ऐकून ज्याचा जीव भांड्यात पडला असता असा माणूस जगात एकच होता. त्याची खुर्ची समोर होती, पाठीवर त्याचा जुना स्वेटर अजून तसाच.

"सापडलं," मी खुर्चीला म्हटलं. आवाज फुटला म्हणून पुन्हा म्हटलं, "सापडलं, नॉर्वल."

टेबलाखाली खडबड झाली. गर्टी उठत होती. तिला मागचे पाय आधी सरळ करावे लागतात. बाहेर आली, सगळं अंग शेपटीबरोबर हलत होतं. मी कढईतला एक काप फुंकून गार केला आणि तिच्यापुढे धरला. ती माझ्या हातावरून पुढे गेली, दारापाशी, आणि दाराकडे तोंड करून बसली. कान टवकारलेले.

"गर्टी," मी म्हटलं. "अगं, मीच बोलले."

तिने वळूनही बघितलं नाही. मी बराच वेळ तो काप हातात धरून उभी होते. मग जाऊन दार उघडलं. अंगणात कुणी नव्हतं हे मला माहीत होतं, पण तिलाही एकदा बघून येऊ दे म्हटलं.